सूनबाईच्या रिव्हॉल्व्हरला खोबरेल

आधी चहा संपवा बघू. माझी ही फजिती ऐकताना कप हातात राहत नाही. सांडतोच!

मी काही शिकलेला माणूस नाही. जन्मभर गावात पिठाची गिरणी चालवली, आता इथं अमेरिकेत, हर्नडनला मुलाकडं असतो. सून अनघा नागपूरची, कॉम्प्युटरवाली, स्वभावानं लोणी. पण छंद कसला? रिव्हॉल्व्हरचा! जुन्या काळच्या रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब नकला, अशी तीन आहेत तिच्याकडं. त्यांना काडतूस नसतं. एकेका भोकात बंदुकीची दारू मोजून भरायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागं ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तेव्हा कुठं एक बार. सगळं माझ्यासारखं सावकाश. म्हणून मला भारी आवडायचं.

तर खंडेनवमीचा दिवस. हत्यारं पुजायची. अनघानं रिकामं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं. "बाबा, हळदकुंकू लावा हं. उद्या माझी पहिली मॅच आहे. एक तरी गोळी कागदाला लागू दे, बस!" म्हणाली आणि ऑफिसच्या कॉलवर बसली.

मी बघतो तर काय, रिव्हॉल्व्हर कोरडंठाक! आता तुम्हीच सांगा, लोखंड असं ठेवतात का? गिरणीत मला कोरडं बेअरिंग कधी बघवलं नाही. आणली खोबरेलाची बाटली आणि भोकाभोकात तेल सोडलं. अगदी मायेनं.

दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या क्लबात गेलो. सकाळची थंडी. अनघानं दारू भरली, नेम धरला. मी श्वास रोखला.

फट्!

नुसती टोपी वाजली. पुन्हा फट्! भरलेले पाचही बार नुसते फट्! गोळी जागची हलायला तयार नाही.

"अशी कशी रुसली, यार?" पोरीचे डोळे भरून आले.

तिथले डेल म्हणून एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आले. त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, तारेनं भोकं कोरली, पुसपुस पुसलं आणि मागच्या टेबलावर ठेवलं. दुसरी फेरी बाकी होती. अनघा पाणी प्यायला गेली.

मी जवळ जाऊन बघतो, तर परत कोरडं! म्हटलं, हेच दुखणं आहे. बाटली खिशातच होती. या खेपेला हात जरा सैलच सोडला.

दुसरी फेरी. एक टोपीसुद्धा धड वाजेना! संपली मॅच. कागद कोरा.

डेल आजोबांनी रिव्हॉल्व्हर नाकाशी नेलं, डोळे मोठे केले आणि मोठ्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. सगळे जमले. एकेक जण वास घेऊन मान डोलवतोय! मला वाटलं, तुकतुकी बघून खूश झाले. अनघा खाली मान घालून, स्वतःकडं बोट करत हळूच काहीतरी बोलली.

माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्यानं घ्यावं? छे! मी उठलो, "नो, नो!" म्हणत दोन्ही हात वर केले, मग छातीवर थाप मारली. आणि काय सांगू, टाळ्या पडल्या! मी सगळ्यांशी हात मिळवले. एका बाईनं तर फोटो काढला.

गाडीत मी विचारलं, "पोरी, काय गं विचारत होते ते?"

"विचारत होते, तेल ओतून दारू भिजवायचा हा सत्यानाश कुणी केला?"

माझं तोंड एवढंसं झालं. "आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझीच चूक." हसू आवरेना म्हणून तिनं गाडी बाजूला घेतली. "बाबा, तुम्हाला वाचवत होते हो मी! तुम्ही ऐकाल तर ना!"