सिलिंडरच्या गॅपमध्ये हात

रौफभाईंचा हात मशीनमध्ये अडकला आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

आमची शेड अंबडला, एमआयडीसीत. छपाईची जुनी मशीनं आम्ही विकत घेतो, पार सुटी करतो, झिजलेले पार्ट बदलतो, पुन्हा जोडतो आणि विकतो. त्या दिवशी सटाण्याचे भामरे शेठ आले होते. त्यांना डाळिंबाच्या खोक्यांची लेबलं छापायची होती. त्यांच्यासाठी तयार केलेल्या मशीनची ट्रायल होती. ट्रायल चांगली झाली, रंग नीट बसला. आता फक्त मशीन धुवायचं राहिलं होतं.

धुणं म्हणजे काय ते सांगते. या मशीनमध्ये मोठे लोखंडी सिलिंडर एकमेकांना लागून फिरतात. त्यातल्या एकावर रबराचं जाड कापड ताणलेलं असतं. शाई आधी त्या रबरावर येते, मग कागदावर. काम झालं की ते रबर पुसून काढायचं. बटण दाबलं की मशीन थोडं सरकतं, सोडलं की थांबतं. सरकवायचं, पुसायचं, पुन्हा सरकवायचं. ज्याचा हात आत असेल त्यानेच बटण दाबायचं, असा आमच्याकडे नियम आहे. त्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं होतं म्हणून घाई झाली. पुसत होते रौफभाई आणि बटण दाबत होता माझा मुलगा संतोष.

रौफभाईंच्या हातात पुसायचा सुती धाग्यांचा गुंता होता. त्याचा धागा ग्रिपरमध्ये गेला. ग्रिपर म्हणजे कागद पकडणारी लोखंडी बोटं. त्यांना कागद आणि धागा यातला फरक कळत नाही. धागा ओढला गेला, त्याच्यामागे हात गेला.

रौफभाई ओरडले नाहीत. "संतोष, छोड," एवढंच म्हणाले. संतोषने बटण सोडलं. हात मनगटापर्यंत आत होता.

ग्रिपर जिथे बसवलेले असतात तिथे सिलिंडरला खोलगट जागा असते. तिला गॅप म्हणतात. हात त्या गॅपमध्ये होता, म्हणून अजून हात होता. सिलिंडर उलटा सरकला तर तो सुटणार होता. सुलटा सरकला असता तर गॅप संपून दोन भरीव सिलिंडर एकमेकांवर आले असते. त्यांच्यामध्ये कागदालाच जेमतेम जागा असते.

संतोष रिव्हर्सच्या बटणाकडे वळला आणि पंखे थांबले. लाइट गेली.

"जनरेटर लाव!" मी ओरडले. तो मागच्या दाराने पळाला.

मी रौफभाईंजवळ गेले. माझ्या मालकांच्या, म्हणजे संतोषच्या वडिलांच्या, वेळेपासूनचे हे मिस्तरी. मालक वारले तेव्हा रौफभाईंच्या भरवशावर मी शेड चालू ठेवली. रौफभाई वाकून उभे होते, गाल मशीनच्या पत्र्याला टेकलेला. कपाळावरून घाम थेंब थेंब पडत होता. मी आत डोकावले. बोटं दिसत नव्हती. मनगटाची कातडी पांढरी पडली होती.

"दुखतंय का?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न होता.

"आता नाही दुखत, भाभी. त्याचंच टेन्शन आहे."

भामरे शेठ चांगला माणूस. पळून गेले नाहीत. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मावशी, काय करू? सांगा, काय करू?" तेच तेच विचारत होते.

मागे जनरेटर धडधडला. दिवे लागले, पंखे फिरले. संतोष धावत आला, सरळ बटणाकडे.

"भाभी, उसको रोको!" रौफभाई ओरडले. पहिल्यांदाच.

मी संतोषचं मनगट धरलं. तो हिसका देत होता. "आई, सोड ना! चाचांचा हात जाईल!"

"जनरेटरवर हे मशीन कधी चालवलंय?" रौफभाईंनी विचारलं.

जनरेटरची केबल नुकतीच नव्या पॅनलला जोडली होती. तेव्हापासून त्यावर दिवे आणि पंखे लागले होते. मशीन एकदाही नाही.

आता हे समजून घ्या. मोठ्या मोटरला विजेच्या तीन वायरी लागतात. त्यातल्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. दिव्याला त्याने काही फरक पडत नाही, पंख्यालाही नाही. म्हणून चूक असली तरी दिसत नाही. वायरी उलट्या लागल्या असतील तर रिव्हर्स दाबल्यावर मशीन पुढे जाणार. म्हणजे आम्ही वाचवायला म्हणून बटण दाबणार आणि रौफभाईंचा हात आमच्यासमोर चिरडला जाणार.

मी संतोषला घट्ट धरून ठेवलं. माझा मुलगा माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा आहे. तो का थांबला मला माहीत नाही.

"कॉम्प्रेसर लावून बघा," रौफभाई म्हणाले. "पुलीवर बाण आहे."

कॉम्प्रेसर म्हणजे हवा भरायचं मशीन. त्याचीही मोटर तीन वायरींची. भामरे शेठ कोपऱ्यात धावले. मी लांबूनच खटका दाखवला. त्यांनी तो टाकला, पुलीकडे वाकून पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"मावशी, उलटी फिरी ऱ्हायनी! बाण इकडे आणि पुली तिकडे! आमच्या विहिरीवरची मोटर अशीच करते!"

संतोष मटकन खाली बसला. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"मग फॉरवर्ड दाबू," भामरे म्हणाले. "उलट्याचं उलट, म्हणजे बरोबर येईल."

हिशोब बरोबर होता. पण त्यात एक चूक निघाली असती तर हात गेला असता. मी रौफभाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जनरेटर बंद करा. आता वीज नको. कसलीच नको."

हाताने फिरवायचं ठरलं. ते ऐकायला सोपं वाटतं. मोटरच्या मागे ब्रेक असतो. वीज गेली की तो मोटर आवळून धरतो. तो ढिला केल्याशिवाय मशीन हलत नाही. आणि ढिला केला की सिलिंडर आपल्याच वजनाने कुठल्याही बाजूला लोळू शकतो. म्हणून मी आणि भामरे शेठ मशीनच्या पुलीला, म्हणजे पट्ट्याच्या मोठ्या चाकाला, लटकलो. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. संतोष पाना घेऊन ब्रेकपाशी बसला. पाना नटावर बसेना, इतका त्याचा हात थरथरत होता.

"बेटा, माझा हात आत आहे. तू कशाला कापतोस?" रौफभाई म्हणाले. संतोष हसला नाही, पण पाना बसला.

नट सैल झाला तसं पुलीचं वजन माझ्या तळहातावर आलं. मशीनला पुढे जायचं होतं. आम्ही ओढून धरलं. भामरे शेठ मोठ्याने देवाचं नाव घेत होते. मी शिव्या देत होते, कोणाला ते आठवत नाही.

"आता मागे," रौफभाई म्हणाले. "हळू. और हळू."

आम्ही मागे ओढलं. पुली तसूभर फिरली आणि ते किंचाळले. मी जागीच गोठले. मला वाटलं, बाजू चुकली. हात गेला.

"थांबू नका! रक्त चाललंय परत, म्हणून दुखतंय! ओढा!"

आम्ही ओढलं. ग्रिपर खट्कन उघडले आणि हात बाहेर आला. निळा, सुजलेला, पण हाताच्या आकाराचा. रौफभाई दोन पावलं मागे गेले आणि आडवे झाले.

दवाखान्यात कळलं, दोन बोटं मोडली होती. पुढे ती जुळली, पण मधलं बोट पूर्ण सरळ होत नाही. रौफभाई म्हणतात, पाना धरायला वाकडंच बोट बरं. ते पुन्हा कामावर आले. सटाण्याला जाऊन ते मशीन त्यांनीच बसवलं. भामरे शेठनी मशीन घेतलं, पण वायरी उलट्या लागल्या तर मोटर चालूच होणार नाही, असा रिले आधी बसवून मागितला. आता आम्ही प्रत्येक मशीनला तो बसवून देतो. संतोष पूर्वी कामगारांवर ओरडायचा, तेव्हापासून कोणाची चूक दिसली तरी ओरडत नाही. ते चांगलं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी शेडमध्ये कोणाचं मन वाईट नव्हतं. सगळे मदतीलाच धावले होते, आणि खरी भीती मला त्याचीच वाटली. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच सांगते. मशीनमध्ये कोणी अडकलं, तर अडकलेल्याला धरण्याआधी धावत येणाऱ्याला धरा.