जुन्याचं काम संपलं

निफाडजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधले ते कारकून चपला काढल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावत नसत. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालत. काहीही विचारा, आधी ‘होऊन जाईल साहेब’ म्हणत आणि मग प्रश्न ऐकत.

त्यांच्याकडची शेतकऱ्यांची माहिती जुन्या कॉम्प्युटरवरच्या ॲक्सेस प्रोग्राममधून नव्या कॉम्प्युटरवरच्या ओपन-सोर्स डेटाबेसमध्ये हलवायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी नोंदींचा आकडा जुळला. ‘चला, जुन्याचं काम संपलं,’ असं त्यांना सांगून मी नाशिकला परतलो.

सकाळी येऊन पाहतो, तर प्रत्येक मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! तरी मी निर्धास्त होतो. मूळ नावं जुन्यात होतीच. मी जुना कॉम्प्युटर मागितला.

‘त्याला गंगेत सोडला ना, साहेब. पहाटंच. नारळ फोडून.’

‘अहो, गोदावरीत? कॉम्प्युटर?’

‘मग? लय वर्षं पूजा केली त्याची. भंगारात कसा द्यायचा?’

मी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्यांनी चपला काढल्या, जवळ येऊन ती प्रश्नचिन्हं नीट न्याहाळली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘होऊन जाईल साहेब. याची अजून पूजा कुठं झालीय?’