मोजणीत एक बाई कमी

मे महिन्यातली दुपार... सोलापूरकडच्या एका जेलमधलं बायकांचं आवार. जेलचं नाव सांगत नाही. रिटायर होऊन वर्ष झालं, म्हणून एवढं तरी लिहितेय.

मी तिथे शिपाई होते. कमरेला किल्ल्या, हातात काठी... मी नुसती आत शिरले की तेवीसच्या तेवीस बायका चिडीचूप. वचक असावा तर असा, असं वाटायचं. खरं सांगते, त्याची चटकच लागली होती मला.

त्या आठवड्यात लेक तापाने फणफणलेली, दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. आवारातल्या लिंबाखाली स्टुलावर टेकले आणि कधी झोप लागली कळलंच नाही. स्वप्नात मी केमला, माहेरच्या ओट्यावर... आई केसांवरून हात फिरवतेय, लांब कुठेतरी रेल्वेची शिट्टी, आणि गार गार वारा. मे महिन्यात गार वारा कुठला, हेही मनात आलं नाही.

दचकून जागी झाले. आवार अगदी शांत. बायका आपापल्या जोडीने ओळीत बसलेल्या, गिनतीला बसतात तशा. सवयीने मोजलं... बावीस. पुन्हा मोजलं, बावीसच.

कैदी पळाली म्हणजे चौकशी, सस्पेन्शन... आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर.

"मॅडम, मी हितं हाय की."

मागे वळून पाहिलं तर शांताक्का. अक्कलकोटकडची, साठीची कैदी. सावली केव्हाच सरकली होती आणि ही भर उन्हात उभी राहून माझ्या डोक्यावर ओला पदर धरून होती.

"लई दमला हुता, म्हनून उटवलं न्हाय. सायेब आलं असतं तर हलवलं असतं."

आणि मी काय म्हणाले? "ओळीत बस." एवढ्या वर्षांत तोंडात दुसरं काही बसलंच नव्हतं.

ती गुडघ्यावर हात टेकत बसली. "आता मोजा. भरतील बगा."

मोजलं... तेवीस. किल्ल्या माझ्या कमरेलाच होत्या.

बायका माझ्या धाकाने गप्प बसतात, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचे. त्या दुपारी त्या गप्प होत्या ते माझी झोपमोड होऊ नये म्हणून. हे कळायला नोकरीतली बहुतेक वर्षं गेली, याची लाज वाटते.

शांताक्का सुटली तेव्हा दार मीच उघडलं. दोन शब्द बोलायचे मनात होते, पण अंगावर युनिफॉर्म होता... आज तो नाही.

फार बरी झोप लागली होती मला, अक्का.