कावीळ गेली, पथ्य राहिलं

"तुमचे डोळे बिघडलेले नाहीत, उपाशी आहेत," असं टिळकवाडीतले डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला आधी रागच आला. शहापुरातल्या विणकराच्या घरात दोन्ही वेळा पोटभर भाकरी खाणाऱ्या बाईला उपाशी म्हणायचं म्हणजे काय?

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, नाईट ब्लाइंडनेस. म्हणजे रातांधळेपणा. दिवसा सगळं लख्ख दिसतं, पण दिवेलागणीला दार कुठलं आणि भिंत कुठली कळत नाही. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. आणखी कुणाचं असं होत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेवढ्यात भागवून घ्या.

सुरुवात कार्तिकात झाली. संध्याकाळी मागावर बसले असताना लुगड्याच्या काठातला हिरवा धागा आणि काळा धागा मला एकसारखेच दिसू लागले. कंदील जवळ ओढला तरी तेच. मग एकदा भरलेली घागर पाय लागून उलटली आणि घरात कुजबुज सुरू झाली. धाकट्या दिरांना माग हवाच होता. संक्रांतीनंतर माझा माग त्यांना द्यायचा आणि मी म्हाताऱ्यांबरोबर कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरत बसायचं, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. सोळा वर्षं त्या मागावर काढली, ती काय शेवटी कांड्या भरायला?

मी यांना म्हटलं, "डॉक्टरकडं न्या, न्हायतर मी एकटी चालत जाते." हे चपला घालून निघाले.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट चाचपलं आणि विचारलं, काय खाता? तिथं सगळं बाहेर आलं. आदल्या फाल्गुनात मला कावीळ झाली होती. दीड महिन्यात ती उतरली, पण पथ्य उतरलं नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, देवीला नवस बोलला होता. सून वाचली तर वर्षभर तिच्या ताटात तेल-तूप नाही आणि पिवळं काही नाही. पिवळ्या आजाराला पिवळं खाऊ घालू नये, हे आमच्याकडे सगळेच मानतात. म्हणून आंबा, पपई, भोपळा, हळद सगळं बंद झालं. भाजी नुसती उकडलेली, ताक लोणी काढलेलं.

"चरबी म्हटलं की लोकांना ढेरी आठवते," डॉक्टर म्हणाले. "पण शरीर ज्या बारीक पेशींचं बनलं आहे, त्या प्रत्येकीला स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टन असतं. मेंदूतही स्निग्ध पदार्थ असतात. उपासात शरीर अंगातल्या चरबीच्या साठ्यावर चालतं. आंब्यातलं आणि पालेभाजीतलं जे द्रव्य डोळ्याला लागतं, व्हिटॅमिन ए, तेही पाण्यात विरघळत नाही. तेला-तुपाशिवाय खाल्लंत तर बरंचसं वायाच जातं."

हे मला लगेच पटलं. ताण्याच्या उभ्या सुताला पाजणी करताना, म्हणजे खळ लावताना, आम्ही खळीत थोडं तेल घालतो. नाही घातलं तर सूत कडक होतं आणि मागावर तुटत राहतं.

"मग काविळीत बंद का करतात?" मी विचारलं.

"तेल-तूप पचवायला बाईल, म्हणजे पित्त लागतं. काविळीत ते आतड्यात नीट उतरत नाही, म्हणून थोडे दिवस कमी खायचं. बरं झाल्यावर कसलं पथ्य?"

त्यांनी तूप खायला सांगितलं आणि कॉड लिव्हर ऑइलची बाटली दिली. म्हणजे माशाच्या यकृताचं तेल. आमच्या घरात माशाचा वासही चालत नसे. मी ती बाटली मागाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"वरीस पुरं व्हायला चार म्हैनं हायत," आत्याबाई म्हणाल्या. "नवस मोडलास तर बाधंल की गं."

"बाधू द्या. आंधळी तर झालीच हाय," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर चमचाभर तेल प्याले. वास असा की पोटातलं वर यावं. पण ओकले नाही.

दहाव्या की अकराव्या दिवशी दिवेलागणीला काठातला हिरवा हिरवाच दिसला. मी तिथूनच दिरांना सांगितलं, तुमचा माग तुम्ही नवा आणा.

मग आत्याबाईंना सांगायला आत गेले. त्या भिंतीला हात लावत लावत परसदारी निघाल्या होत्या. इतके दिवस मला वाटायचं, वय झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा त्यांच्या ताटात नीट पाहिलं. सुकी भाकरी आणि बिनफोडणीचं वरण.

"आत्याबाई, तुमीबी?"

"नवस म्या बोलला हुता. तुला एकलीला कसं सोडू?"

मला रडू आलं आणि रागही आला. पहिला राग त्यांच्यावर, दुसरा माझ्यावर, कारण आठ महिने शेजारी बसून जेवत होते आणि दिसलं नव्हतं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, पथ्य कधी धरायचं ते गल्लीतलं कुणीही सांगतं. कधी सोडायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि घरात आणखी कोण ते पाळतंय तेही बघा.

मी तुपाचं भांडं आणलं. आत्याबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

"देवीला सांगा, सुनंनं जबरदस्ती केली," मी म्हटलं. "काय व्हायचं ते माझं हुईल. हात काढा."

त्यांनी हात काढला नाही. मी तो उचलून बाजूला केला, वरणात तूप वाढलं आणि त्या जेवेपर्यंत समोरून हलले नाही. पहिला घास त्या बराच वेळ चघळत होत्या.

"उद्या जरा पातळ करून वाढ," त्या म्हणाल्या. "थिजल्यालं हाय."