दादा चुकला होता

शेवटची भेट झाली तेव्हा दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी दिलेलं सरबत त्यानं बाजूला ठेवलं. म्हणाला, "सुमे, मी गेल्यावर शोकसभा घेतील. हा माणूस कधी चुकला नाही, असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा तू उभं राहायचं आन् सांगायचं, चुकला होता म्हणून."

"काहीतरीच काय बोलतोस!"

"व्हय का नाय ते सांग."

मी हो म्हटलं.

माझा हा थोरला भाऊ हस्ताक्षरतज्ज्ञ. सही खरी की खोटी, हे कोर्टाला सांगायचं त्याचं काम. भिंग घेऊन बसला की घरातला पंखा बंद. लग्नपत्रिकेवरचं नाव बघूनही हा सांगणार, "घाईत लिहिलंय, मनापासून बोलावलेलं नाही." आम्ही हसायचो आणि मनातून फुशारायचो. दादाचं मत आलं की खटला संपला, असं वकील म्हणायचे.

तसाच सिल्लोडच्या रहीमभाईंचा खटला संपला. चुलत्यानं त्यांना सरकीचं दुकान विकलं होतं. चुलते वारल्यावर त्यांची मुलं म्हणाली, करारावरची मराठी सही खोटी. तुलनेसाठी आणलेल्या सह्या मात्र सगळ्या उर्दूत. 'एवढ्यावर मत देता येत नाही' असं लिहून दादानं कागद परत करायला हवे होते. पण नाव झालं होतं ना! सही अडखळत, थांबत थांबत केलेली दिसली आणि त्यानं ठोकून दिलं: ही लिहिलेली नाही, चितारलेली आहे. रहीमभाईंचं दुकान गेलं, वर लबाड ठरले ते वेगळंच.

पुढं कधीतरी बँकेत एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांनी दादाकडं पेन मागितला. जन्मभर उर्दू लिहिलेला तो हात मराठी सही करताना तसाच अडखळला, तसाच थांबला... दादा पैसे न काढताच घरी आला. आता गप्प बसा, असं वकील म्हणाले. हा बसला नाही. कोर्टाला लिहून दिलं, उपयोग झाला नाही, मग सिल्लोड गाठलं. रहीमभाईंनी चहा पाजला. "शिव्या घातल्या असत्या तर लई बरं झालं असतं गं," दादा म्हणायचा. त्यानं काम सोडलं आणि रहीमभाईंकडंच उर्दू लिहायला शिकू लागला. लाकडी तख्तीवर, बोरूनं, पहिलीतल्या पोरासारखा.

शोकसभेत पहिल्याच वक्त्यानं सांगितलं, हा माणूस कधी चुकला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत रहीमभाई बसले होते. आणि मी... खरं बोला म्हणून वर्गात जन्मभर पोरांना दरडावणारी मी, पदर सावरत बसून राहिले. भावाची लाज झाकली, असं वाटलं मला. झाकली कसली, कर्माची! त्यात माझी भर घातली.

परवा रहीमभाई घरी आले. "ताई, तख्ती बघायचीय." दादाच्या टेबलावर ती तशीच होती. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, "अब जाके साहब का हाथ खुला था." मग माझ्याकडं न बघता, हळूच, "तुम्ही उठाल, असं साहेब म्हणाले होते."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तख्ती तिथंच आहे, मी ती पुसलेली नाही. तिच्यासमोर बसून हे लिहितेय. माझा भाऊ चुकला होता. रहीमभाईंच्या चुलत्यांची सही खरी होती.