पोपट शिवताना

माझी मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही तिघीच असायचो. मी, ती आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला. सकाळच्या गाडीनं जायचा आणि आठच्या सुमारास परत यायचा. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी रजा जूनमध्ये संपणार होती, आणि मग बाळाला सांभाळायचं म्हणून आत्या मंगळवेढ्याचं घर बंद करून आमच्याकडे आल्या होत्या.

मूल झाल्यापासून मला भीतीच जडली होती. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास जाणवतो का बघायचे. घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बघताना डोक्यात एकच यायचं, हे हिच्या तोंडात जाईल का? कोणीतरी दिलेल्या कापडी अस्वलाचा डोळा एकदा माझ्या चिमटीत निघून आला. साधं काळं बटण होतं. ते मी कचऱ्यात टाकलं, अस्वलही टाकलं, आणि ठरवलं की हिचं खेळणं आपण घरीच शिवायचं. बटण नाही, मणी नाही, टिकली नाही. डोळेसुद्धा दोऱ्यानं भरायचे.

खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, सगळे त्यांना खाला म्हणतात, म्हणजे मावशी. साऱ्या बिल्डिंगचे ब्लाउज त्याच शिवतात. मला सुईकाम येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी वर्तमानपत्रावर पोपट काढला, कापला आणि कसं करायचं ते समजावलं. कापडाच्या दोन्ही सुलट बाजू आत घ्यायच्या, कडेनं बारीक टाके घालायचे, पोटाशी दोन बोटं जागा सोडायची, तिथून सगळं उलटवायचं आणि मग कापूस भरायचा. आत्यांनी आपल्या जुन्या हिरव्या इरकलीचा फाटका काठ सोडून चांगला तुकडा काढून दिला. नातीच्या अंगाला आपलं लुगडं लागणार म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. खालांनी मात्र निघताना मला थांबवून सांगितलं की घरात रांगतं मूल आहे, सुई गिनके निकालना, गिनके रखना. मी मान डोलावली. माझ्याइतकं जपणारं कोण असणार, असं मला वाटत होतं.

तीन दुपारी मी शिवत होते. चौथ्या दुपारी पोपट जवळजवळ झाला होता. कापूस भरून झाला होता, चोच तेवढी राहिली होती. लाल कापडाची चोच लाल दोऱ्यानं शिवत होते. बाळ खाली गादीवर झोपलेलं, आत्या तिच्या शेजारी पडलेल्या. तेवढ्यात जिन्यातून हाक आली, पाणी आलं. चार दिवसांनी पाणी आलं होतं. खालच्या नळाला प्रेशर असतं तोवरच प्यायचं भरून घ्यावं लागतं. मी सुई पोपटाच्या चोचीतच टोचली, पोपट कॉटवर उशीमागे ठेवला, आत्यांना जाते म्हणून सांगितलं आणि कळशी-बादल्या घेऊन खाली पळाले. तीन खेपा झाल्या. वीस मिनिटं गेली असतील, जास्त नाही.

तिसऱ्या खेपेला आत आले तेव्हा आत्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. बाळ जमिनीवर बसलेलं. मांडीवर पोपट. आणि तिच्या ओठांतून लाल दोरा बाहेर लोंबत होता.

बादली माझ्या हातून तशीच खाली आदळली. मी गुडघ्यावर बसले. दोऱ्याचं एक टोक पोपटाच्या चोचीत होतं, दुसरं तिच्या तोंडात. ओढावं की ओढू नये हे मला कळेना. आत सुई अडकली असेल आणि मी ओढलं तर? मी तिचा जबडा दाबून तोंड उघडलं, बोट घातलं, चाचपलं. ती रडायला लागली. मग मी श्वास धरून दोरा हळूहळू ओढला. तो सहज आला. ओला, लाळेनं चिकट झालेला, टोकाला पिंजलेला. सुई नव्हती.

मी आत्यांना विचारलं, सुई कुठं आहे. त्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या होत्या.

"कंची सुई?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, पोपटाला टोचलेली. त्या म्हणाल्या की मला न्हाय म्हाईत, मी कापडं काढत हुते, पोरगी झोपली हुती. मी उशी उचलली, चादर झटकली, कॉटखाली पाहिलं. ओल्या फरशीवर हातानं चाचपत फिरले. सुई कुठंच नव्हती. बाळ रडायचं थांबत नव्हतं, आणि मला वाटायला लागलं की हे रडणं नेहमीचं नाही.

आरडाओरडा ऐकून खाला वर आल्या. आत्या केळं चारायचं म्हणत होत्या, केळ्यात गुरफटून निघून जाईल. खालांनी त्यांचा हात धरला. काही खायला घालायचं नाही, आधी दवाखाना, असं म्हणून त्या रिक्षा बघायला खाली धावल्या.

रिक्षात बाळ मला धरवेना. आत्यांनी तिला माझ्याकडून घेतलं, डाव्या खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटत राहिल्या. खड्डा आला की ती किंचाळायची. प्रत्येक किंचाळीला मला डोळ्यांपुढे तिच्या आत सरकणारी सुई दिसायची. गळ्यातून छातीत, छातीतून पोटात. मी रिक्षावाल्याला सावकाश म्हणायचे, आणि लगेच लवकर चला म्हणायचे. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि चालवत राहिला.

डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं. शिवायची सुई किती मोठी होती ते विचारलं. मी दोन बोटांत अंतर दाखवलं, आणि ते अंतर मलाच फार मोठं वाटलं. त्यांनी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे सांगितला. आत्या बाहेरच्या बाकावर बसल्या. मला शिशाचा जड एप्रन घातला आणि बाळाचे हात डोक्यावर धरून ठेवायला सांगितलं. ती माझ्याकडे बघून रडत होती, आणि तिला असं दाबून धरणारी मीच होते.

पडद्यावर चित्र आलं. बरगड्या, काडीसारखी हाडं, आणि पोटाच्या खाली एका बाजूला पांढरी शुभ्र बारीक रेघ.

मी टेबलाची कड पकडली. एक्स-रे काढणाऱ्यानं मान पुढे करून पाहिलं, मग बाळाचा लंगोट सैल केला. कमरेला काळा करगोटा होता, त्याला चांदीचा आकडा. घाईत तो काढायचा राहून गेला होता. हे काढून परत काढू, तो म्हणाला. करगोट्याची गाठ सुटेना. करगोटा पाच वर्षं काढायचा नाही असं आत्यांनी बारशाला बजावून सांगितलं होतं. मी दारातून डोकं काढून विचारलं, तर त्या बाकावरून तिथूनच म्हणाल्या, "तोड. तोड बाई, बघत काय बसलीस."

दुसऱ्या फोटोत काही नव्हतं. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून दोनदा पाहिला. मुलीच्या पोटात सुई नाही, असं त्यांनी मला सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून सांगितलं. घरी जाऊन शोधा, आणि सापडेपर्यंत हिला खाली सोडू नका.

म्हणजे सुई घरातच होती. घरी आल्यावर बाळाला आत्यांच्या कडेवर दिलं आणि खाला नि मी शोधायला लागलो. खालांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं होतं. फरशीवर, गादीवर, सांदीकोपऱ्यात ते फिरवत गेलो. केसांच्या पिना मिळाल्या, स्टेपलरच्या पिना मिळाल्या, हरवलेली कानातल्याची फिरकी मिळाली. सुई नाही. मी पोपट फाडला. सगळा कापूस परातीत काढून बोटांनी पिंजून पाहिला. तीन दुपारचं काम पाच मिनिटांत परातीत पसरलं. त्यातही नाही. दोन तास आम्ही शोधत होतो आणि ते दोन तास आत्या बाळाला घेऊन फेऱ्या मारत होत्या. शेवटी खाला नमाजाला खाली गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

आत्या आत आल्या. एका हातावर बाळ झोपलेलं. दुसरा हात त्यांनी माझ्यापुढे उघडला. तळव्यावर सुई होती. नेढ्यात लाल दोऱ्याचा तुकडा.

"माज्याच पदराला हुती," त्या म्हणाल्या. "मीच टोचली असंल. पोरीला लागंल म्हणून काढली असंल. पर मला काय म्हंजी कायच आठवत न्हाय."

म्हणजे त्यांनी सुई काढताना दोरा तोडला, ती पदराच्या घडीत खोचली, आणि विसरल्या. डाव्या खांद्यावर. त्याच खांद्यावर बाळाचं डोकं रिक्षाभर होतं, आणि आत्ता दोन तास होतं.

मी बाळ त्यांच्या हातून हिसकून घेतलं. हो, हिसकूनच. उजेडात नेऊन तिचा चेहरा पाहिला. कानाच्या पुढे गालावर बाजरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. डोळा तिथून दोन बोटांवर. मी काय बोलले ते मला लिहवत नाही. बोलून झाल्यावर त्यांच्याकडे पाहिलं. त्या तशाच उभ्या होत्या, हात तसाच पसरलेला. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. आमटीत दोनदा पडलेलं मीठ. चालू राहिलेला गॅस. पेन्शनीच्या पासबुकासाठी फ्रीज उघडून बघणं. वय झालं म्हणून मी ते सगळं सोडून दिलं होतं, कारण जूनमध्ये मला त्यांची गरज होती.

"त्येला सांगू नगं," त्या म्हणाल्या.

नवरा आठला आला. सुई गादीखाली मिळाली, असं मी सांगितलं. त्यानं बाळाला उचललं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तू फार घाबरतेस म्हणाला. आत्या कोपऱ्यात बसून शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे चार दिवस वाईट गेले. मी बाळाला घेऊन न्हाणीतसुद्धा जायचे. त्यांना कळत होतं. त्या बाळाकडे हात करायच्या आणि मीच बघतेय म्हटल्यावर हात मागे घ्यायच्या. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांना स्वतःची. पाचव्या दिवशी सकाळी मी बाळाला भरवत होते तेव्हा त्या समोर येऊन बसल्या.

"मला एकटीजवळ हिला ठेवू नगं," त्या म्हणाल्या. "मी काल दुकानातनं येताना जिना चुकले. दुसऱ्याच्या दारात उभी ऱ्हायले लई वेळ. कुनाला सांगितलं न्हाय."

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रजा टाकून आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वार विचारला. आत्यांनी गावात आज बाजार आहे असं सांगितलं आणि ते बरोबर होतं. पण महिना सांगता आला नाही, नातीचं वय सांगता आलं नाही. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या. किती वेगानं वाढेल ते सांगता येत नाही म्हणाले.

पोपट नंतर खालांनी मशीनवर शिवून दिला. बाळाला देण्याआधी मी तो चारही बाजूंनी दाबून पाहिला. तिनं तो दोन दिवस चावला आणि सोडून दिला.

जूनमध्ये बाळाला शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघरात ठेवलं. आत्या म्हणाल्या, मीबी जाते, नुसती बसते, कशाला हात लावत न्हाय. पाळणाघरातल्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बसू दे की, पोरांना गोष्टी सांगतील. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेतून फोन केला. बाळ झोपलंय म्हणाल्या. मी आत्यांना फोन द्यायला सांगितला.

"झोपलीया," आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी हितंच हाय. तू कवा येणार?"

साडेबाराला, मी म्हटलं. पलीकडे एक मूल रडत होतं, कोणीतरी त्याला गप्प करत होतं.

"तू कवा येणार?" त्यांनी विचारलं.

शाळेची घंटा झाली होती, पोरं वर्गाकडे पळत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं, साडेबाराला.