साळूबाईच्या वावरातलं चिठ्ठीचं टरबूज

पुण्याहून एसटीत बसले तेव्हा कलिंगड म्हणजे बाहेरून हिरवं, आतून लाल, एवढंच माझं ज्ञान. शेवगावच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठच्या एका वावरात (शेतात) माझ्या भाचीने, मीराने, ते दहा मिनिटांत धुऊन काढलं.

मीरा गावोगावचं जुनं टरबुजाचं (इकडे कलिंगडाला हेच म्हणतात) बी आणून साळूबाईंच्या वावरात लावते. त्यातूनच तिला पुढे नवा वाण तयार करायचा आहे. एका वेलाला पट्ट्यापट्ट्यांची लांबुळकी फळं, शेजारी काळपट गोल गरगरीत, पलीकडे एक पांढुरकं, पीठ फासल्यासारखं. गर लाल, गुलाबी, चक्क पिवळासुद्धा! साल किती जाड, गोडी किती, बी केवढं, सगळं तिच्या वहीत. मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, पण एकाही कार्ट्याकडे इतकं निरखून पाहिलं नाही.

आता मला नंतर कळलेली गोष्ट तुम्हाला आधीच सांगते. तिथे एका वेलाचं बी तिळाहून जेमतेम मोठं होतं. असं बारीक बी मीराला दुसरीकडे कुठेच मिळालं नव्हतं. ज्या म्हाताऱ्याने ते दिलं त्याच्याकडेही उरलेलं नव्हतं. वेलाची बाकी फळं कोल्ह्यांनी कच्चीच फोडली. एक वाचलं, ते बियाण्यासाठी राखायचं म्हणून त्याच्या देठाला तिने चिठ्ठी बांधली.

दुपारी मीरा कागदी पिशव्या आणायला शेवगावला गेली. साळूबाईंनी मला बाजरीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला. मग विळ्याने एक टरबूज कापलं. देठाला चिठ्ठी. ही कसली, मी विचारलं.

"तुमच्यासाठीच राखून ठिवलंय की पोरीनं. मावशी यायची हाय म्हनत हुती."

मी फुशारले. असली गोडी मी जन्मात चाखली नव्हती. बी इवलंसं, जिभेवर धड सापडेना. साळूबाईंनी एक फुर्रकन बांधापार उडवलं आणि माझ्याकडे पाहिलं. झालं! सहासष्टाव्या वर्षी मी ईर्षेला पेटले. दोघी पदर खोचून उभ्या राहिलो. फळ संपेपर्यंत मी चार वेळा हरले, एकदा जिंकले, त्यातही बाईंनी मला झुकतं माप दिलं असावं. कोंबड्या जमल्या, तेव्हा आम्हाला वाटलं प्रेक्षक आले.

मीरा आली. तिने सालीजवळची चिठ्ठी उचलली आणि साली उलथून पाहू लागली.

"मावशी, बी कुठंय?"

मी कोंबड्यांकडे बोट दाखवलं.

मग तिघी रांगत माती चाळत राहिलो. सापडलं ते सगळं चोचीने फुटलेलं. "आता कायमचं गेलं," एवढंच मीरा म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली. साळूबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

साडेतीनच्या एसटीत मी तोंड लपवून बसले. वाटेभर वरच्या कवळीखाली काहीतरी टोचत होतं. म्हटलं, टोचू दे, तीच लायकी आहे. पण नगरच्या स्टँडवर राहवेना. नळाखाली कवळी काढली, तर हिरडीला चिकटलेलं एक काळं, सबंध, इवलंसं बी! शेजारी बाटली भरणारे गृहस्थ दचकले. त्यांना मी बोळक्या तोंडाने काय सांगितलं, देव जाणे. बी रुमालाच्या गाठीत बांधलं आणि पुण्याची गाडी सोडून शेवगावची पकडली.

मला परत आलेली बघून साळूबाईंनी भाकरी थापायला घेतली. मीराने बी तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं, दिव्याच्या उजेडाकडे धरलं. "उगवेलच असं नाही हं, मावशी," म्हणाली, पण लगेच ते नव्या कागदी पिशवीत जपून घातलं. मग तिने वही उघडली. वाण, रंग, आकार लिहून झालं. शेवटचा रकाना होता, बी कुठून मिळालं.

तिने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि नीट अक्षरात लिहिलं : मावशीची कवळी, वरची.